वर्षाचं दिसणारं कोकरू

आधीच सांगून टाकते, माझ्या धाकट्या जावेत खोट काढावी असं काही नाही. तोच तर सगळा ताप आहे. ती उर्मट असती, आळशी असती, सासऱ्यांसमोर पाय पसरून बसणारी असती, तर या घरात अठरा वर्षं खपलेल्या माझ्यासारखीनं तिला दोन दिवसांत ताळ्यावर आणलं असतं. पण ही बया गोड बोलते, माझ्याआधी उठते, आणि वर शिकलेली. पशुसंवर्धनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा. माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं, शिक्षण सगळं तिकडं शिरूरकडं. मी दहावी नापास. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं आमच्या शेळीची पापणी उलटून बघितली आणि म्हणाली, "रक्त कमी हाय हिला. जंत झालेत." अब्बा, म्हणजे आमचे सासरे, माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ, कसं चटकन वळखलं!" ती शेळी मी सांभाळत होते. तिथनं माझं जळणं सुरू झालं.

आम्ही राहूचे. तालुका दौंड, चहूकडं ऊस. आमचे मालक कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातात, दीर भाजीची पिकअप चालवतो. अब्बा गावचे मुलाणी. जत्रेत, लग्नकार्यात बकऱ्याच्या मानेवर सुरी फिरवायचा मान पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण जनावराच्या पाठीवर हात ठेवला की किती मांस आणि किती हाड ते अजून सांगतात. घरात आमचं बोलणं निम्मं दखनी, निम्मं मराठी. इथं मराठीत लिहिते, कारण भांडायला मला मराठीच बरी पडते.

अब्बांच्या तोंडचं एक वाक्य मी अठरा वर्षं जपून ठेवलं होतं. "थोरलीच्या हाताला बरकत हाय." पिठाला हात लावला तरी म्हणायचे, कोंबड्या खुडूक बसवल्या तरी म्हणायचे. धाकटी आल्यापासून ते बंद झालं. मी मोजत होते ना! दोन वर्षांत एकदाही नाही.

गेल्या साली रमजान लागायच्या आधी अब्बांनी दोन कोकरं आणली. भीमेच्या काठानं मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या एका धनगरमामांकडून. एकाच मेंढीची जुळी, दोन्ही नर, नुकती दूध सुटलेली. दिवाळीनंतरच्या अमावस्येला जन्मलेली, असं मामांनी सांगितलं. अब्बांनी बोटांवर हिशेब केला. बकरी ईदेला सहा महिने पुरे होत होते.

आमच्यात कुर्बानीचं बकरं वर्षाचं पुरं लागतं. मेंढ्याला मात्र एक सवलत आहे. सहा महिन्यांचं कोकरू जर इतकं भरलेलं असेल की वर्षाच्या मेंढरांत सोडलं तर लांबून वेगळं ओळखू येणार नाही, तर ते चालतं. ओळखू आलं तर नाही चालत. अब्बा दर साली बाजारातनं बकरं आणायचे. त्या साली म्हणाले, "डोळं हाईत तवर घरात वाढवलेलं एकदा द्यायचं हाय. एक थोरलीनं सांभाळा, एक धाकटीनं. जे भरंल ते माझ्या नावानं. दुसरं पुढल्या सालाला ठिवू."

झालं. माझ्या कानात तेवढंच बसलं. अब्बांच्या नावाचं जनावर माझ्या हातचं असलं पाहिजे. त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते वाक्य परत यायला पाहिजे, सगळ्या जमातीसमोर, आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

आता जनावराला भरवायचं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पेंड. शेंगपेंड भिजवून दिली की जनावर टरारून येतं, हे माझ्या आईला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं. बाळंतिणीला डिंकाचा लाडू, तशी जनावराला पेंड. मी रोज दोन ओंजळी भिजवायला लागले. बाकी उसाचं वाढं आणि थोडा लसूणघास.

धाकटीचं सगळं वेगळंच. तिनं स्वयंपाकघरातला वजनकाटा गोठ्यात नेला. मक्याचा भरडा जास्त, पेंड बेताची, गव्हाचा भुसा, चिमूटभर मीठ, मिनरल मिक्चर. सगळं मापून, कालवून, सकाळ-संध्याकाळ. वर दर शुक्रवारी कोकराला पोत्याच्या झोळीत घालून हुकाच्या काट्याला टांगायची आणि वजन मोबाईलमध्ये लिहायची. मी म्हटलं, "अगं, खात्या जीवाला असं सारखं तोलू नाही. नजर लागते." तर हसली. "नजर लागू नये म्हणूनच तोलते, भाभी." अब्बा पण हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पहिला महिना माझं कोकरू पुढं होतं. खोटं कशाला बोलू, मी चोरून दोन्हींना तिच्या काट्याला टांगलं होतं, ती अंघोळीला गेली असताना. नजरबिजर सगळं विसरले. किलोभरानं पुढं! रोजा होता, पोटात पाण्याचा थेंब नव्हता, तरी मी दिवसभर गुणगुणत होते. त्या खुशीत मी दोन ओंजळींच्या तीन केल्या. दोनानं एवढं भरतंय तर तीनानं किती भरेल, असा साधा हिशेब. मग चार केल्या.

रमजान ईद झाली, ऊन वाढलं, आणि माझ्या कोकराचं काहीतरी बिनसलं. खायचं मजबूत, पण पाणी प्यायचं बादलीनं आणि मुतायचं त्याहून जास्त. लेंड्या टणक पडायच्या सोडून लगदा पडायला लागला. एकदा मालक पहिल्या पाळीवरनं आले, बूट काढता काढता थांबले आणि गोठ्याकडं तोंड करून नाक ओढायला लागले.

"आमच्या प्लांटला अमोनिया लीक झाला की असाच वास सुटतो," ते म्हणाले. "कुणाच्या खालनं येतोय?"

कुणाच्या म्हणजे काय? दोन खुंटे, दोन कोकरं. तिच्या खुंट्याखाली कोरडं, माझ्या खुंट्याखाली डोळ्यांना झोंबणारा वास. "मुताचाच वास हाय, अत्तर कुठनं आणू?" असं म्हणून मी त्यांना आत घालवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. फार हळू आवाजात, अब्बांना ऐकू जाणार नाही असं बोलली. तेव्हा मला ते चोरटं वाटलं. आज कळतं, माझी लाज राखत होती.

"भाभी, पेंड निम्मी करा आन् मका वाढवा. पेंडीत नुसतं प्रोटीन असतंय. कोकराला लागतंय तेवढं अंगी लागतं, वरचं सगळं मुतातनं जातंय. त्याचाच वास हाय ह्यो. आन् ते बाहेर टाकायला बी त्याची ताकद जाती. मक्याची जोड असली की थोडी पेंड बी अंगी लागती."

मी ऐकून घेतलं. मान हलवली. आणि मनात म्हटलं, वा गं वा! माझं कोकरू पुढं गेलंय म्हणून तुझ्या पोटात दुखायला लागलं होय? माझी पेंड तोडायला निघालीस? माझ्या मनात जे चोवीस तास चालू होतं तेच तिच्याही मनात असणार, याची मला खात्री होती. दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच येईना. त्या दिवशी मी पाचवी ओंजळ टाकली.

दोन आठवड्यांनी ती नसताना परत तोललं. तिचं माझ्या पुढं गेलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं दीड किलो. मी काट्यावर थापट्या मारल्या, झोळी बदलली, परत तोललं. काटा काही माझ्या बाजूनं बोलेना.

मग तिच्या भावाची मंगनी आली. तीन दिवस तळेगावला जाणार. जाताना तिनं सहा पिशव्या भरून ठेवल्या, प्रत्येकीवर सकाळ, संध्याकाळ लिहिलेलं. म्हणाली, "भाभी, तुमच्यावर सोडून जाते. दुसऱ्या कुणावर सोडवंना." एसटी येईपर्यंत ती तीनदा मागं वळून गोठ्यात जाऊन आली.

आता लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तीन दिवस तिच्या कोकराला मी नुसता कडबा घातला. वाळका, खडखडीत कडबा. आणि त्या पिशव्या माझ्या कोकराला चारल्या, वर माझ्या पाच ओंजळी पेंड. तिचं कोकरू दावं ताणून माझ्याकडं बघत ओरडायचं. मी पाठ करून उभी राहायचे. हात थरथरत होते असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं काही झालं नाही. मला बरं वाटत होतं. पहिल्यांदा तिच्या डिप्लोम्याचा मला काहीतरी उपयोग झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं कोकरू आडवं झालं. डावी कूस फुगून टम्म, दात करकरा वाजवतंय, खालनं पाण्यासारखं चाललंय. ज्या पोटाला मक्याची सवय नाही त्याच्यात मी एकदम एवढा भरडा कोंबला होता. अब्बा काठी टेकत गोठ्यात आले, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "काय खाल्लं यानं?" मी म्हटलं, "रोजचंच." तोंड वर करून, त्यांच्या त्या धुरकट डोळ्यांत बघून म्हटलं.

संध्याकाळच्या गाडीनं धाकटी आली. मंगनीची साडी अंगावर, हातात मिठाईचा पुडा. पुडा माझ्या हातात दिला आणि तशीच गोठ्यात बसली. खायचा सोडा पाण्यात कालवून बाटलीनं माझ्या कोकराला पाजला, थोडा थोडा, ठसका लागू नये म्हणून मान धरून. कूस चोळत राहिली. मग खालची घाण बोटानं पसरून बघितली. त्यात मक्याचा भरडा होता, पिवळा, तसाच्या तसा, न पचलेला. मी मका कधीच देत नव्हते. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग तिच्या कोकराकडं बघितलं, त्याच्या आत बसलेल्या कुशीकडं, खालच्या वाळक्या लेंड्यांकडं. मी वाट बघत होते. बोलू दे एकदा. ओरडू दे, अब्बांना हाक मारू दे. मी उत्तर तयार ठेवलं होतं, अठरा वर्षांचं सगळं काढणार होते. ती म्हणाली, "दोन दिवस पेंड बंद ठेवा, भाभी. नुसता वाळका चारा द्या." आणि हात धुवायला गेली.

चोर पकडून सोडून देणाऱ्याचा किती राग येतो, हे चोरालाच ठाऊक. मला वाटलं, आता हे पण? आता चांगुलपणात पण ही माझ्या पुढं?

माझं कोकरू वाचलं, पण मागं पडलं. त्यानंतर तिनं सांगितलं तसं मी देत गेले, मका हळूहळू वाढवत, पेंड मापून. लेंड्या परत टणक झाल्या, वास गेला. महिनाभरात त्याच्या पाठीवर हाताला मांस लागायला लागलं. म्हणजे ती खरं बोलत होती. पहिल्यापासून खरंच बोलत होती! त्यात आणखी एक झालं. त्या दिवसापासून माझं कोकरू तिचा आवाज आला की कान टवकारायचं, तिच्या ओढणीचं टोक चघळायचं. मी पाटी घेऊन गेले की पाटीकडं बघायचं. मी त्याला म्हणायचे, "जा, तिच्याकडंच जा, मेल्या."

बकरी ईद आठ दिवसांवर आली तेव्हा परीक्षेचा दिवस ठरला. अब्बांना स्वतःला लांबचं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी शिरूरच्या एका जुन्या व्यापारीचाचांना बोलावलं. चाचांचा सगळा जन्म मेंढरांच्या बाजारात गेलेला. आमच्या काढलेल्या कांद्याच्या रानात त्याच धनगरमामांची मेंढरं बसली होती. मामांनी त्यातली वर्षाची वीस-पंचवीस वेगळी काढली आणि आमची दोन्ही त्यांच्यात सोडली. चाचांनी आमची कोकरं आधी कधी पाहिली नव्हती. अट एकच. बांधावरनं बघायचं, दात बघायचे नाहीत.

चाचा बांधावर उभे राहिले. मी आणि धाकटी लिंबाच्या सावलीत, शेजारी शेजारी. माझ्या ओठांवर दुवा होती. खरं सांगते, दुवा माझं कोकरू लपावं अशी कमी होती आणि तिचं उघडं पडावं अशी जास्त होती.

चाचांना चहाचा कप संपवायलाही वेळ लागला नाही. काठी उचलली आणि माझ्या कोकरावर रोखली. "ते कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. लेकरू हाय ते. मागनं अजून भरलं न्हाई."

मग दुसरं शोधायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. डोळे बारीक केले. एका मेंढ्यावर काठी रोखली, मामा म्हणाले, "त्यो चौदा महिन्यांचा हाय, चाचा." सगळे हसले. परत चालले. शेवटी काठी खाली टेकवून म्हणाले, "गावत न्हाई बाबा. कुणी सांभाळलंय?"

अब्बांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. आणि म्हणाले. तेच वाक्य. फक्त थोरली शब्दाच्या जागी धाकटी. मी लिंबाच्या खोडाला टेकून उभी होते आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता हे झाड माझ्या अंगावर पडावं.

पुढचे आठ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. कांदे चिरले, मसाले कुटले, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकल्या. मालकांनी विचारलं, "काय झालंय तुला?" मी म्हटलं, "ऊन लागलंय."

ईदेच्या सकाळी नमाज करून पुरुष माणसं परत आली. अब्बांनी सांगून ठेवलं होतं की जिनं जनावर वाढवलं तिनंच शेवटचं पाणी पाजायचं आणि दावं आणून अब्बांच्या हातात द्यायचं. धाकटीनं त्याला पाणी पाजलं. कपाळ पुसलं. ते तिचा हात चाटत होतं, भरडा लागलाय का बघत होतं. गोठ्यापासून अंगणात कुर्बानीसाठी खणलेल्या खड्ड्यापर्यंत वीस पावलं असतील. ते दावं न ओढता तिच्या मागं मागं आलं, रोज चरायला जावं तसं.

अब्बांनी हात पुढं केला. हिच्या हातातनं दावं सुटेना. बोटं उघडायची, परत मिटायची. अब्बा हात तसाच पुढं धरून थांबले. मग तिनं दावं दिलं आणि वळली, आणि आवाज न करता रडायला लागली. खांदे गदगदत होते. एवढी मापून तोलून वागणारी बाई, ओढणी सरकली याचंही भान नव्हतं तिला.

"रडू दे तिला," अब्बा म्हणाले. "जीव लावलेलं द्यायचं, असाच हुकूम हाय."

मी पुढं होऊन तिला धरलं. सगळे बघत होते, थोरलीनं धरायलाच पाहिजे होतं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. तिचं ऊन ऊन पाणी माझ्या गळ्याला लागत होतं आणि तिच्या डोक्यावरनं मला गोठ्यात माझं कोकरू दिसत होतं, घास चघळत उभं. मी मनातल्या मनात दावं माझ्या हातात घेऊन बघितलं. चाचांनी त्याला ओळखलं नाही, अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सगळं माझ्या मनासारखं झालं, आणि आता मी ते दावं देतेय. दिलं. झटकन दिलं. कुठं काही अडकलं नाही.

तीन महिने मी त्या मुक्या जीवाला सकाळ-संध्याकाळ चारलं होतं. त्याला एक दिवससुद्धा कुरवाळलेलं मला आठवेना.

ती रडत राहिली, मी तिची पाठ चोळत राहिले. अठरा वर्षांत मला पुष्कळ गोष्टींचा हेवा वाटला, पण तिच्या त्या रडण्याचा जेवढा वाटला तेवढा कशाचाच नाही. मला पण रडू यावं म्हणून मी डोळे घट्ट मिटले, जोरात मिटले. काही आलं नाही.